डांबराचा थकवा: ऊसवाहतुकीच्या रस्त्यासाठी केलेल्या चाचण्यांच्या नोंदी

३ ऑक्टोबर २०२३

आज डांबराचे तीन डबे आले: व्हीजी-३०, व्हीजी-४० (व्हीजी ही घट्टपणावरून ठरलेली श्रेणी, आकडा मोठा तितकं डांबर कडक) आणि पीएमबी ७०-१० (पॉलिमर घातलेलं डांबर). लॅबमधल्या मामांनी आल्या आल्या झाकणांवर आणि डब्यांच्या अंगावरही पांढऱ्या पेंटने नावं घातली. झाकणं बदलली तर सहा महिन्यांची मेहनत वाया जाते, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

प्रकल्पाचा प्रश्न पहिल्याच पानावर लिहून ठेवते: डांबराच्या चाचणीवरून रस्ता थकव्याने कधी भेगाळेल याचा अंदाज बांधता येतो का, आणि येत असेल तर कोणत्या चाचणीने? थकवा म्हणजे एकाच मोठ्या ओझ्याने आलेलं मोडणं नव्हे. प्रत्येक चाकाखाली रस्ता केसभर वाकतो, परत सरळ होतो. असं लाखो वेळा झालं की आधी चाकोरीत बारीक रेघ उमटते, मग रेघांना फाटे फुटतात आणि शेवटी मगरीच्या पाठीसारखी जाळी तयार होते. सांगली जिल्ह्यात आमच्या गावाहून साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती जाळी मी लहानपणापासून पाहत आले आहे. हा रस्ता सहा वर्षांपूर्वी नव्याने झाला: खाली ५० मिलिमीटर डीबीएम (जाड खडीचा डांबरी थर), वर ३० मिलिमीटर बीसी (बारीक खडीचा डांबरी थर), डांबर व्हीजी-३०. आज तो पुन्हा त्याच अवस्थेला आला आहे.

७ ऑक्टोबर

आयएस ७३, म्हणजे डांबराचं भारतीय मानक, पुन्हा नीट वाचलं. आपल्याकडे २००६ साली पेनिट्रेशन (डांबरात सुई किती रुतते) ग्रेड जाऊन व्हिस्कॉसिटी (डांबर वाहायला किती विरोध करतं, मोजायचं पॉइजमध्ये) ग्रेड आले. व्हीजी-३० ला ६० अंशांवर २४०० ते ३६०० पॉइज, व्हीजी-४० ला ३२०० ते ४८००. मे महिन्यात दुपारी रस्ता साधारण ६० अंशांपर्यंत तापतो, म्हणून हे तापमान. उन्हात डांबर पाघळून चाकोरी पडेल का, हे या आकड्यावरून कळतं. भेगांचा संबंध मात्र १० ते ३० अंशांच्या वागण्याशी आहे, आणि त्या पट्ट्याबद्दल मानकात फार थोडं आहे: २५ अंशांवरचं पेनिट्रेशन आणि भाजलेल्या डांबराची २५ अंशांवरची डक्टिलिटी, म्हणजे तुटेपर्यंत ते किती लांब ताणलं जातं. व्हीजी-३० ला ती किमान ४० सेंटिमीटर, व्हीजी-४० ला २५.

प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमना हे दाखवलं. त्या म्हणाल्या, "आधी नमुने म्हातारे कर. ताजं डांबर भेगाळत नाही, त्याच्यावर वेळ घालवू नकोस."

१६ ऑक्टोबर

आरटीएफओ, म्हणजे फिरत्या बाटल्यांत डांबर भाजणं. काचेच्या आठ बाटल्या, प्रत्येकीत ३५ ग्रॅम डांबर, १६३ अंश, ८५ मिनिटं. बाटल्या फिरत राहतात, डांबराची पातळ साय काचेवर पसरते आणि तिच्यावर गरम हवेचा झोत येत राहतो. हॉट मिक्स प्लांटमध्ये खडीला चिकटताना डांबराचं जे होतं, त्याची ही नक्कल. दोन बाटल्या वजनातला फरक मोजायला वेगळ्या ठेवल्या. काम सरळ पार पडलं.

२० ऑक्टोबर

पीएव्ही, म्हणजे दाबाखाली डांबर म्हातारं करायचं पात्र, लावलं होतं. थाळीत ५० ग्रॅम, १०० अंश, २.१ मेगापास्कल हवेचा दाब, २० तास. रस्त्यावरची काही वर्षं एका दिवस-रात्रीत उरकायची, असा हा खटाटोप. पहाटे तीनच्या सुमारास वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत पात्राचं तापमान इतकं उतरलं होतं की चाचणी बाद धरावी लागली. दहा थाळ्यांतला माल टाकून दिला. पूर्ण २० तास झाले नसतील तर तो आकडा वापरायचा नाही, यावर मॅडम ठाम आहेत आणि मला ते पटतं. परत आरटीएफओपासून सुरुवात.

२७ ऑक्टोबर

यावेळी पूर्ण झालं. दाब हळूहळू सोडावा लागतो, दहा मिनिटं तरी. घाई केली तर सोडावॉटरसारखा फेस येतो आणि थाळ्या उतू जातात. नंतर १७० अंशांवर अर्धा तास व्हॅक्यूममध्ये ठेवून आतले बुडबुडे काढले. एक बुडबुडा राहिला तरी ८ मिलिमीटरच्या गोळीत तो भेगेचं बीज होतो.

२ नोव्हेंबर

डीएसआरवर, म्हणजे दोन प्लेटमध्ये डांबर पिळून त्याचा कडकपणा मोजणाऱ्या यंत्रावर, पहिला दिवस. सिलिकॉनच्या साच्यातून ८ मिलिमीटरची गोळी काढायची, खालच्या प्लेटवर बसवायची आणि वरची प्लेट २.१ मिलिमीटरपर्यंत उतरवायची. मग गरम उलथनीने कडेला आलेलं डांबर कापून घ्यायचं आणि शेवटी अंतर बरोबर २ मिलिमीटरवर आणायचं, की कडेला अगदी हलका फुगवटा राहतो. हा फुगवटा सगळीकडे सारखा असला पाहिजे. पहिल्या चार गोळ्या मी टाकून दिल्या. पाचव्या वेळी मामांनी उलथनी माझ्या हातातून घेतली आणि दाखवलं: पातं प्लेटला टेकवूनच फिरवायचं, मध्ये थांबायचं नाही. थांबलं की तिथे खाच पडते. सहावी गोळी जमली.

२५ अंश, सेकंदाला १० रेडियन. जी-स्टार (डांबराचा कडकपणा) गुणिले साइन डेल्टा (त्यातला ऊर्जा वाया घालवणारा हिस्सा) असे आले: पीएमबी सुमारे २९००, व्हीजी-३० सुमारे ३४००, व्हीजी-४० सुमारे ५१०० किलोपास्कल.

या गुणाकाराला ५००० किलोपास्कलची कमाल मर्यादा लावतात. ती अमेरिकेतल्या १९८७ ते १९९३ च्या एसएचआरपी या संशोधन कार्यक्रमातून आली. त्यामागचा विचार असा: ठरावीक प्रमाणात ताणलं तर प्रत्येक फेऱ्यात जी ऊर्जा वाया जाते, ती या गुणाकाराच्या प्रमाणात असते, आणि वाया गेलेल्या ऊर्जेतूनच नुकसान होतं. म्हणून आकडा लहान तितका बरा. पण मापताना डांबराला इतकं हलकं हलवतात की त्याला काहीच इजा होत नाही. आपण इजा न करता इजेचा अंदाज बांधतो. पुढे व्हर्जिनियातल्या टर्नर-फेअरबँक केंद्रात खऱ्या चाकाखाली पट्टे भेगाळवून पाहिले, तेव्हा या आकड्याचा आणि प्रत्यक्ष भेगांचा मेळ नीट बसला नाही, विशेषतः पॉलिमर घातलेल्या डांबराच्या बाबतीत.

१४ नोव्हेंबर, गावी

दिवाळीच्या सुट्टीत आले आहे. गाळप सुरू झालंय. रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर एकामागे एक जातात, पहाटेपर्यंत घरघर थांबत नाही. आबांना विचारलं, रस्ता नेमका कधी खराब होतो. ते म्हणाले, "लोक पावसाला नावं ठेवत्यात. पर रस्ता तडकतोय थंडीत, पावसात नुसता उकलतोय बघ."

आबांनी तीस वर्षं याच वाटेने ऊस घातला आहे. हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. मॅडमचं म्हणणं आठवत होतं: थंडीत डांबर कडक असतं, कडक थर कमी वाकतो, मग तडकेल का? दोघांचंही खरं असू शकतं का, हे शोधायला हवं.

दुसरी एक गोष्ट दिसली. ज्या बाजूला पाटाच्या पाण्यावरचा ऊस साइडपट्टीला लागून आहे, त्या बाजूच्या चाकोरीत भेगा जास्त आहेत. काळी माती पाणी धरून ठेवते, मग खालून आधार मिळत नाही.

२८ नोव्हेंबर

आता एलएएस, म्हणजे स्ट्रेन (मूळ मापाच्या किती टक्के ताणलं) चढवत नेऊन थकवा मोजायची चाचणी. विस्कॉन्सिन विद्यापीठात हुसेन बहिया यांच्या गटाने विकसित केलेली चाचणी. आधी ०.१ टक्का स्ट्रेनवर फ्रिक्वेन्सी ०.२ ते ३० हर्ट्झ फिरवून डांबराचा मूळ स्वभाव बघायचा. मग १० हर्ट्झवर स्ट्रेन ०.१ पासून ३० टक्क्यांपर्यंत चढवत न्यायचा, पाच मिनिटांत गोळी मोडते. त्या आलेखावरून कोणत्याही स्ट्रेनला किती फेरे टिकतील याचं गणित करता येतं: फेरे म्हणजे ए भागिले स्ट्रेनचा बी घात. ए सांगतो एकूण दम किती. बी सांगतो, जास्त ताणलं की तो दम किती वेगाने सरतो.

२५ अंशांवर तिन्ही नमुने केले. आलेख सुबक आले. जरा जास्तच सुबक.

१ डिसेंबर

शंका खरी ठरली. चाचणी थांबल्यावर भिंगातून कड पाहिली तर भेग नव्हतीच. डांबर कडेने बाहेर ओघळलं होतं. २५ अंशांवर व्हीजी-३० चा जी-स्टार जेमतेम पावणेपाच मेगापास्कल. इतक्या मऊ गोळीत बल कमी होतं ते वाहण्यामुळे, आणि गणित त्यालाच थकवा समजून पुढे जातं. तीन दिवसांचे आकडे रद्द.

६ डिसेंबर

मग मी दुसऱ्या टोकाला गेले, ५ अंशांवर. व्हीजी-४० अचानक तुटला, आलेख कड्यावरून पडावा तसा खाली. वरची प्लेट उचलली तर धातू स्वच्छ, चकचकीत, डांबराचा ठिपकाही नाही. गोळी मोडलीच नव्हती, प्लेटपासून सुटली होती.

९ डिसेंबर

नियम सापडला आणि पटलाही: चाचणीच्या तापमानाला जी-स्टार साधारण १२ ते ६० मेगापास्कलमध्ये हवा. खाली गेलं तर वाहतं, वर गेलं तर सुटतं. माझ्या तिन्ही डांबरांना १६ अंशांवर हा पट्टा सापडतो: पीएमबी १४, व्हीजी-३० १६, व्हीजी-४० २२.

आज प्लेट उचलल्यावर जे दिसलं ते काढून ठेवते. दोन्ही प्लेटवर डांबर. बाहेरच्या बाजूला खरखरीत, बारीक चिरांचं वलय, आणि मध्ये साधारण ज्वारीच्या दोन दाण्यांएवढं गुळगुळीत वर्तुळ. भेग कडेपासून आत सरकत होती आणि मध्यापर्यंत पोहोचायच्या आत मी चाचणी थांबवली होती. पहिल्यांदाच थकवा डोळ्यांनी पाहिला. मामांनाही बोलावून दाखवला. ते बराच वेळ भिंगातून पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे हे असं आतून खातं होय."

२१ डिसेंबर

प्रत्येक डांबराच्या चार-चार गोळ्या झाल्या. माझ्या नमुन्यांचे सरासरी आकडे:

२.५ टक्के स्ट्रेनला व्हीजी-३० चे १२,००० फेरे, व्हीजी-४० चे १५,५००, पीएमबीचे ३१,०००.
५ टक्क्यांना व्हीजी-३० चे ६५०, व्हीजी-४० चे ५५५, पीएमबीचे १,४७०.

पीएमबी दोन्हीकडे पुढे, ते अपेक्षितच होतं. माझं लक्ष व्हीजींच्या जोडीवर खिळलं. कमी ताणात व्हीजी-४० जास्त टिकतो, जास्त ताणात व्हीजी-३०. त्यांच्या रेषा ३.८ टक्क्यांच्या आसपास एकमेकींना छेदतात. व्हीजी-३० चा बी ४.२, व्हीजी-४० चा ४.८, सगळं त्या फरकात आहे.

रस्त्याच्या थरातल्या स्ट्रेनच्या साधारण ५० पट स्ट्रेन खडीच्या मधल्या डांबराला सोसावा लागतो, असं धरतात. म्हणजे २.५ टक्के हा जाड, भक्कम रस्त्याचा हिशोब आणि ५ टक्के हा पातळ थराचा, मऊ जमिनीवरच्या रस्त्याचा. जाड थर स्वतः ओझं पेलतो, म्हणून कडक डांबर त्याला कमी वाकू देतं आणि फायद्याचं ठरतं. पातळ थर पेलत नाही. खालची जमीन जितकी दबेल तितकं त्याला वाकावंच लागतं, डांबर कडक असो वा मऊ. तिथे विचारायचं ते इतकंच: वाकून तुटतंस की निभावतंस?

आबांचं वाक्य आणि मॅडमचं वाक्य इथे एकत्र बसतात. मॅडम जाड रस्त्याबद्दल बोलत होत्या, आबा आमच्या ८० मिलिमीटरच्या रस्त्याबद्दल.

२९ डिसेंबर, गावी

रात्रभर तापमानं घेतली. दर तासाला रस्त्यात २० मिलिमीटर खोल भोकात तेल घालून त्यात थर्मामीटर. दुपारी दोनला ३६ अंश, रात्री अकराला २०, पहाटे पाचला १५. आयआरसी ३७ या रस्त्यांच्या भारतीय मार्गदर्शिकेत डिझाइनसाठी डांबरी थराचं तापमान ३५ अंश धरतात. वर्षभराच्या वाहतुकीसाठी ते योग्यच असेल. पण आमच्या रस्त्यावरची सगळ्यात जड वाहतूक वर्षातल्या सगळ्यात गार चार-पाच महिन्यांत येते, आणि तीही बरीचशी रात्री. लॅबमध्ये यंत्राच्या सोयीसाठी निवडलेले १६ अंश इथे पहाटेचे खरे अंश निघाले.

अकरा भेगांची टोकं पिवळ्या ऑइल पेंटने खुणावली. प्रत्येक खुणेवर तारीख.

१५ जानेवारी २०२४

संक्रांत. परवानगीचं पत्र हातात आल्यामुळे सुट्टीचा दिवस असूनही कोअर, म्हणजे रस्त्यातून कापलेले गोल नमुने, काढले. १०० मिलिमीटर व्यासाचे सहा: तीन चाकोरीत अगदी भेगेवर, तीन दोन चाकोऱ्यांच्या मध्ये. शेजारच्या रानातल्या बायकांनी तिळगूळ आणून दिला, यंत्राच्या पाण्याने माखलेल्या हातांनीच घेतला.

भेगेवरच्या तीनपैकी दोन कोअरमध्ये भेग खाली रुंद आणि वर निमुळती, म्हणजे तळातून वर आलेली. तिसऱ्यात ती फक्त वरच्या २० मिलिमीटरमध्ये आहे, खाली कोअर अखंड. एकाच रस्त्यात दोन वेगळी दुखणी.

भोकं मालाने भरून नीट ठोकून घेतली. आबा स्वतः शेवटपर्यंत उभे होते.

२ फेब्रुवारी

कोअरचे काप केले. वरचा १५ मिलिमीटरचा काप आणि तळातला काप वेगळा. ट्रायक्लोरोइथिलीनमध्ये डांबर विरघळवून रोटरी इव्हॅपोरेटरवर परत मिळवलं. एका कापातून जेमतेम १५ ग्रॅम, पण ८ मिलिमीटरच्या गोळ्यांना ते भरपूर झालं. हे काम फ्यूम हूडखालीच करायचं. तरी दिवसअखेर डोकं जड झालं.

सोबत डीबीएममधली हवेची पोकळी मोजली: साडेआठ टक्के.

२० फेब्रुवारी

ग्लोवर-रो आकडा काढला. डीएसआरच्या फ्रिक्वेन्सी स्वीपवरून १५ अंश आणि सेकंदाला ०.००५ रेडियन इतक्या संथ गतीचा अंदाज बांधतात. डांबर कडक झालंच आहे, पण ताण सैल करायची ताकद त्याच्यात अजून किती शिल्लक आहे, हे त्यातून दिसतं. १८० किलोपास्कलला भेगांची सुरुवात आणि ६०० ला मोठं नुकसान, असं समजतात.

या मर्यादांचं मूळ एका भारतीय अभियंत्याच्या कामात आहे, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. पृथ्वी सिंग कंधल यांनी १९७० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातले रस्ते वर्षानुवर्षं पाहून दाखवलं होतं की रस्त्यातल्या डांबराची १५.५ अंशांवरची डक्टिलिटी ५ सेंटिमीटरच्या खाली गेली की भेगा सुरू होतात आणि ३ च्या खाली त्या फार वाढतात. आपल्याकडे व्हिस्कॉसिटी ग्रेड यावेत म्हणून पुढे आग्रह धरणारेही तेच. रस्ता आधी पाहायचा आणि मग चाचणीची मर्यादा ठरवायची, ही त्यांची रीत मला मोलाची वाटते.

माझे आकडे: व्हीजी-३० ला २० तास पीएव्हीनंतर ९५, ४० तासांनंतर ३३०. रस्त्यातल्या वरच्या कापाला ४१०, तळातल्या कापाला १५०.

सहा वर्षांत वरचं डांबर ४० तासांच्याही पुढे गेलं आहे. २० तासांच्या नमुन्यावर निकाल दिला असता तर "डांबर ठीक आहे" असं मी सही करून लिहिलं असतं. तिसऱ्या कोअरमधली वरची भेग कुठून आली हेही आता कळलं.

१२ मार्च

आज मॅडमसमोर सगळं मांडलं. त्यांनी सगळ्यात आधी पोकळीचा आकडा हातात घेतला. "आयआरसी ३७ मधला सी घाल आणि मला सांग."

सी म्हणजे पोकळी आणि डांबराच्या प्रमाणावरून थकव्याच्या आयुष्याला लावायचा गुणक. जागेवरच गणित केलं. परिणामकारक डांबर आकारमानाने ११ टक्के धरलं आणि पोकळी ३.५ टक्के, तर सी सुमारे २.१५ येतो. पोकळी ८.५ टक्के धरली तर सुमारे ०.२५. बाकी काहीही न बदलता थकव्याचं आयुष्य जवळजवळ नवव्या हिश्श्यावर. वर त्या पोकळीतून हवा आत शिरते आणि डांबर लवकर म्हातारं होतं, ते वेगळंच. माझ्या तिन्ही डब्यांतल्या फरकाने फार तर पावणेतीनपट अंतर पडत होतं. रोलरच्या राहून गेलेल्या फेऱ्यांनी त्याच्या कितीतरी पट घालवलं.

मी थोडी हिरमुसले, हे लिहून ठेवते. सहा महिने डांबरावर घालवले आणि मोठा दोष भलतीकडेच निघाला. मॅडम म्हणाल्या, "तुझी चाचणी चुकलेली नाही. अहवालात दोन्ही लिही, आणि कोणतं मोठं तेही लिही."

अहवालात आता एक क्रमवारी देणार नाही. २.५ आणि ५ टक्के, दोन्ही आलेख शेजारी छापायचे, छेदनबिंदू ठळक करायचा आणि खाली स्पष्ट लिहायचं: पातळ थराच्या ऊसरस्त्यावर केवळ "जास्त टणक म्हणजे जास्त टिकाऊ" म्हणून व्हीजी-४० वापरू नये. ४० तासांचे एलएएसही जोडते आहे. त्यात ५ टक्क्यांना व्हीजी-४० चे फेरे आधीच्या निम्म्याहून खाली आले आहेत.

९ एप्रिल, गावी

गुढी उभारून झाल्यावर टेप घेऊन रस्त्यावर गेले. गाळप संपलंय, रस्ता शांत आहे. आबा पुढे चालत एकेक खूण दाखवत होते, मी मोजत होते. अकरापैकी आठ भेगा खुणेच्या पुढे गेल्या आहेत. पाटाच्या बाजूची चौथ्या क्रमांकाची सगळ्यात जास्त, ४६ सेंटिमीटर, आणि तिला दोन फाटे फुटलेत. कोरड्या बाजूच्या तिन्ही जागच्या जागी आहेत.

नव्या टोकांवर पुन्हा पिवळा रंग लावला आणि आजची तारीख घातली. पुढची मोजणी पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, पहिली ट्रॉली निघायच्या आधी. मी त्या वेळी पुण्यात अडकले तर आबा मोजून फोनवर सांगणार आहेत. टेप त्यांच्याकडेच ठेवून आले.